भुरीचं वजन

मामाचे उरलेसुरले अकरा दात एकदम काढायचे ठरले, ही बातमी मामीने फोनवर रडत रडत सांगितली. मी ‘अरेरे’ म्हणाले. फोन ठेवला आणि चहा टाकला. त्या दिवशीचा चहा फार छान झाला होता, अजून चव आठवते.

मला दुष्ट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी ऐकून घ्या.

मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं हेच काम करते. आमच्या दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिथे खिडकीशी माझं टेबल. डॉक्टर माप घेतात, मी प्लास्टरचे जबडे ओतते, मेणात दात बसवते, मग पक्की कवळी करते. या कामात अर्ध्या मिलिमीटरला फार किंमत आहे. एक दाढ अर्धा मिलिमीटर उंच राहिली तर माणूस तोंड मिटतो तेव्हा तीच आधी टेकते, कवळी एका बाजूला उचलते, हिरडी सोलते, आणि घास काही चावला जात नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीसुद्धा कळत नाही.

आता भुरीबद्दल. भुरी माझी चिंचिला. ज्यांनी चिंचिला पाहिलेली नाही ते लगेच ‘म्हणजे उंदीरच ना’ म्हणतात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. उंदीर नव्हे हो! खारीपेक्षा मोठी, सशापेक्षा लहान, गोल कान, झुबकेदार शेपूट, आणि अंगावर केस इतके दाट की बोट खुपसलं तरी कातडी लागत नाही. त्या केसांना पाणी चालत नाही. आत ओल राहिली की बुरशी धरते. म्हणून तिला आठवड्यातून तीनदा बारीक राखेसारख्या मातीची आंघोळ. पसरट भांड्यात माती टाकायची, की ही बया त्यात गरगर लोळणार आणि सगळ्या खोलीला पावडर लावून ठेवणार. उकाडा सोसत नाही. खोली बावीस अंशांवर, आणि पिंजऱ्यात बसायला संगमरवराचा गार तुकडा. पिंजऱ्यातल्या फळ्या लाकडाच्याच हव्यात, प्लास्टिकच्या नकोत, कारण ती कुरतडून गिळते.

आणि दात. तिचे दात जन्मभर वाढतात, दाढासुद्धा. दिवसभर वाळलेलं गवत चावत राहिली तर झिजतात, नाही तर वाढत वाढत जिभेत आणि वर डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातात. दिवसभर मी ज्यांचे दात परत येणार नाहीत अशांची तोंडं भरायची, आणि घरी येऊन जिचे दात थांबत नाहीत तिच्यासाठी गवत निवडायचं. लोक हसायचे. हसू देत. नऊ वर्षं आमचा संसार छान चालला होता. भुरी, तिचा लेक ढब्बू आणि मी. दोघांचे पिंजरे वेगवेगळे, कारण ढब्बू पक्का वांड. भुरी मात्र गुणी बाळ.

या जातीची एक खोड आहे. दुखलंखुपलं तर दाखवत नाहीत. मरायला टेकली तरी तुमच्यासमोर कान टवकारून बसतील. म्हणून रोज वजन करायचं असतं. काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. आकडा लपवता येत नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी दुसऱ्या शहरात दवाखाना काढला आणि तिथली खोली लावून द्यायला मला दोन महिने पाठवलं. जनावरं कुठे ठेवणार? मामा आपणहून म्हणाला, “आण इकडे. मागची खोली थंडगार असते.”

माझ्या मामाची ओळख करून देते. मामा टर्नर. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. निवृत्त झाला तरी घराच्या पुढच्या खोलीत लेथ आहे, ग्राइंडर आहे, कानशी उतरत्या क्रमाने टांगलेल्या आहेत. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई आणि मी मामाकडेच राहिलो. शाळेतून आले की मी त्याच्या कारखान्यात. हातात कानस त्यानेच दिली, मायक्रोमीटर बघायला त्यानेच शिकवलं. मी चिडकी म्हणून, आणि ग्राइंडरजवळून हलत नसे म्हणून, माझं नाव ठेवलं ‘ठिणगी’. माझ्या हातात जी काही कला आहे ती या माणसाची. हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. म्हणून तर राग जास्त आला.

मी नऊ नियम कागदावर लिहून दिले. गवत चोवीस तास. लाकडाच्या काड्या कुरतडायला. बिस्किट, मनुका, साखर, काही नाही म्हणजे नाही. रोज वजन करून वहीत लिहायचं. खाणं कमी झालं तर त्याच दिवशी फोन. मामाने तो कागद भिंतीवर लावला. पातळीयंत्र घेऊन, कागद तिरका नाही ना ते तपासून लावला. मला वाटलं, चला, जनावरं योग्य हातात पडली.

दर रविवारी मी फोन करायचे.

“मामा, सगळं ठीक?”

“एकदम.”

“वजन लिहिता ना?”

“रोज. एक दिवस चुकवलेला नाही.”

बास. मी फोन ठेवायचे. आठ रविवार.

परत आले तेव्हा भुरी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसली होती. हनुवटी ओली, छातीवरचे केस लाळेने चिकटून दोऱ्यांसारखे झालेले. उचलली तर हातात नुसती लोकर. पिंजऱ्यात गवताची काडी नाही, लाकूड नाही. वाटीत बिस्किटाचा चुरा.

“मामा, ही खात का नाही?”

“नखरे आहेत गं. भूक लागली की खाईल.”

“गवत कुठे आहे?”

“सगळा कचरा उडत उडत पुढच्या खोलीत लेथवर येतो. बेल्टमध्ये जातो. आणि ते लाकूड दुपारभर कुरूकुरू कुरूकुरू, माणसाने डोळा लावायचा की नाही? बिस्किट देतो ना मी. आवडीने खात होती.”

ढब्बू मात्र टुणटुणीत होता. का, ते ऐका. मामी केर काढून गवताची केरसुणी त्याच्या पिंजऱ्याला टेकवून ठेवायची. या पठ्ठ्याने जाळीतून ओढून ओढून दोन महिन्यांत अडीच केरसुण्या खाल्ल्या. मामी त्याला शिव्या घालत होती. भुरीचा पिंजरा खिडकीशी होता. तिच्या वाट्याला केरसुणी आली नाही. वांड तो जगला. गुणी होती ती संपली.

मग मी वही उघडली. मामाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. तारीख, वेळ, वजन. पहिले चाळीस दिवस सहाशे दहाच्या आसपास. आणि मग सहाशे दोन. पाचशे चौऱ्याण्णव. पाचशे ब्याऐंशी. एकोणीस ओळी, एकेक आकडा आधीच्यापेक्षा कमी, शेवटी चारशे तीस. प्रत्येक आकड्याखाली पट्टीने मारलेली रेघ. अहो, या माणसाने त्या जनावराचा मृत्यू ग्रॅम-ग्रॅम मोजून, रेघा मारून लिहून ठेवला होता आणि त्याला काही वाटलं नव्हतं!

“हे दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं की. लठ्ठ होती, जरा बारीक झाली. लिहायला सांगितलं होतंस, लिहिलं. एक दिवस चुकवलेला नाही.”

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून दाखवला. खालच्या दाढांची टोकं जिभेत घुसली होती, वरच्यांची मुळं डोळ्यापर्यंत गेली होती. “हिला चावता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “एकोणीस दिवस म्हणता? तेवढे दिवस उपाशीच समजा.” भुरीला त्यांनी माझ्या मांडीवरच इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. ती शेवटपर्यंत कान टवकारून बसली होती.

मामाला जाऊन सांगितलं. तो लेथवरचा पत्रा पुसत होता. वर न बघता म्हणाला, “उंदीरच तो. त्याला काय एवढं? दुसरा आणू.”

त्या दिवसापासून मी त्या घराची पायरी चढले नाही. आणि आता मनातलं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आठ रविवार मी विचारलं, “लिहिता ना?” एकदाही विचारलं नाही, “किती?” माझ्या तोंडून तो एक शब्द निघाला असता तर भुरी आज असती. हे मला ठाऊक होतं. पण स्वतःवरचा राग किती दिवस चघळणार? मामावर काढायला सोपा होता.

आठ महिन्यांनी मामाचे दात काढले. पुढे तीन महिने हिरड्या भरायला. मग मामी माझ्या दारात.

“तूच कर गं त्यांची कवळी. दुसऱ्या कोणाच्या हातची त्यांना पटणार नाही. बोलत नाहीत, पण मनात तेच आहे.”

“दुसरे पुष्कळ आहेत.”

“किती दिवस धरून बसणार? आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला दोष द्यायचा?”

मामी दाताच्या कण्या करणार, मी नाही म्हणणार, असं अर्धा तास चालेल असं तिला वाटलं असावं. मी दुसऱ्याच वाक्याला हो म्हटलं. ती खूश होऊन गेली. बिचारी.

डॉक्टरांनी मापं घेतली. मामाचा जबडा माझ्या टेबलावर आला, पांढरा, प्लास्टरचा, बिनदाताचा. मी त्याच्याकडे खूप वेळ बघत बसले. ठरवून टाकलं होतं. पण ठरवलं म्हणून हलकं काम करायचं? छे! हात ऐकत नाहीत. प्रत्येक दात निवडून लावला. पुढचा एक किंचित वाकडा बसवला, कारण मामाचा तरुणपणी तसाच होता, मला आठवत होतं. हिरडीला रंगाची छटा दिली. बावीस वर्षांत अशी कवळी मी केली नव्हती.

डॉक्टरांनी ती मामाच्या तोंडात बसवली, निळा कागद चाववून बघितला. सगळ्या दाढांवर सारखे निळे ठिपके. “वा,” डॉक्टर म्हणाले. मामाने दोन-तीनदा तोंड मिटलं, उघडलं. डोळे चमकले. मी पाहिलं.

“थोडं पॉलिश राहिलंय,” मी म्हटलं, “उद्या घरी पोचवते.”

टेबलाशी बसून खालच्या उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर त्याच रंगाचा थर चढवला. मायक्रोमीटर लावला. अर्धा मिलिमीटर, ना कमी ना जास्त. वरून अशी झिलई दिली की स्वतः डॉक्टरांना भिंग लावूनही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मामीच्या हातात डबी ठेवली आणि आले. आता फक्त वाट बघायची. मामा येणार. गाल धरून येणार. म्हणणार, चावता येत नाही. आणि मी काय म्हणणार, ते वाक्य तयार होतं. “नखरे आहेत. भूक लागली की खाईल.” रोज संध्याकाळी ढब्बूला खोलीत मोकळं सोडलं की त्याच्यासमोर म्हणून बघायचे. कधी शांतपणे, कधी हसून. शांतपणे जास्त लागलं असतं. ढब्बू कपाटावरून खुर्चीवर, खुर्चीवरून माझ्या डोक्यावर उड्या मारत ऐकून घ्यायचा.

चार दिवस गेले. मामा आला नाही.

आठवड्याने मामीचा फोन. “अगं, किती खूश आहेत! शेजाऱ्यांना तोंड उघडून दाखवतात. ‘भाचीने केली,’ म्हणतात, ‘असं काम करणारा माणूस दाखवा मला.’”

“जेवतात ना नीट?” मी विचारलं.

“हो गं.”

माझा तिळपापड झाला. म्हणजे काय? अर्धा मिलिमीटर कुठे गेला? चूक झाली का माझ्याकडून? मी सकाळ-संध्याकाळ त्या दाढेचाच विचार करत होते. दवाखान्यात दुसऱ्या एका आजोबांच्या कवळीला वरचे दात खाली लावायला निघाले होते. सूड घ्यायचा तर समोरच्याने निदान ओरडायला तरी हवं ना! माणूस गप्प बसला तर सगळं फुकट.

आणखी दहा दिवसांनी मामी भाजी घेताना भेटली. इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज खाली केला. “हल्ली ताट घेऊन मागच्या खोलीत जातात. दार लावून जेवतात. म्हणतात, नवीन दात आहेत, लोकांसमोर लाज वाटते. ताट रिकामं येतं. पण अगं, पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलीत.”

मी भाजीची पिशवी तशीच तिथल्या कट्ट्यावर विसरून घरी आले. ढब्बूला काट्यावर ठेवला. आकडा बघितला, पण वाचलाच नाही. दोन भोकं. पट्ट्याची दोन भोकं म्हणजे किती?

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्या घराची पायरी चढले. जवळजवळ वर्षाने. हातात सफरचंद होतं. हो, मुद्दाम नेलं होतं. त्याला माझ्यासमोर चावायला लावायचं होतं. माया आली म्हणून गेले असं कोणी समजू नये. माझं वाक्य बोलायचं राहिलं होतं.

मामी झोपली होती. मामा लेथपाशी स्टुलावर. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मला बघून त्याने हातातला रुमाल पटकन खिशात कोंबला. हनुवटी ओली होती. सदऱ्याच्या पुढे छातीवर ओला डाग.

मी ती ओली हनुवटी बघितली. क्षणभर मला मागच्या खोलीतला खिडकीचा कोपराच दिसला. पण मी ठिणगी आहे. विझले नाही.

“कशी आहे कवळी?”

“एक नंबर.”

मी त्याचा चाकू घेतला, सफरचंदाची फोड कापली, पुढे केली. “खा.”

त्याने फोड घेतली. तोंडात ठेवली. गालात सरकवली. चावलं नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला, ताठ, जसं काही झालेलंच नाही.

“चावा ना.”

“नंतर खातो.”

“नखरे आहेत,” मी म्हटलं, “भूक लागली की खाल.”

झालं. वाक्य बोलून झालं. शांतपणे, हवं तसं. इतके दिवस घोटलेलं वाक्य, आणि तोंडात त्याची चव काहीच नाही.

मामाने गालातली फोड रुमालात काढली, घडी घातली. मग म्हणाला, “केव्हा म्हणतेस याचीच वाट बघत होतो. मला वाटलं पहिल्या आठवड्यात येशील.”

“म्हणजे?”

“खाली, उजवीकडे, शेवटची. अर्धा.” त्याने बोट गालावर ठेवलं. “डॉक्टरांकडे बसली तेव्हा बरोबर होती. पॉलिशला घेऊन गेलीस आणि अर्ध्याने वाढली. ठिणगे, दुसऱ्या कोणाच्या हातून अर्धा मिलिमीटर चुकून जातो. तुझ्या हातून? तुला कानस धरायला कोणी शिकवलं?”

“बाकीचं काम हलकं केलं असतंस तर मी फसलो असतो. पुढचा दात वाकडा बसवलास. तेवढा जीव लावून केलेल्या कवळीत एक दाढ चुकते होय? तिथेच तुझं काम पकडलं गेलं.” हे बोलताना हा माणूस चक्क खूश दिसत होता. माझं काम चांगलं म्हणून खूश! तोंडातून लाळ गळतेय, आणि खूश!

“मग काढून का नाही ठेवलीत? ओरडला का नाहीत?” माझा आवाज चढला. “मामीला का नाही सांगितलंत? अठरा रोग होतात असं राहिल्याने, या वयात! ताट रिकामं कसं यायचं?”

“मागच्या अंगणातल्या कुत्र्याला विचार. अंगाला लागलंय त्याच्या.”

“थट्टा करू नका!”

त्याने टेबलाचा खण उघडला. तीच वही काढली, भुरीची. मी त्या दिवशी भिरकावलेली. पानं उलटून माझ्यासमोर ठेवली. छापल्यासारखं अक्षर. तारीख, वेळ, वजन. एकाहत्तर किलो चारशे. एकाहत्तर शंभर. सत्तर आठशे. प्रत्येक आकड्याखाली पट्टीने मारलेली रेघ. भंगार तोलायच्या काट्यावर उभा राहून रोज सकाळी लिहिलेलं. शेवटचा आकडा आजचा, सदुसष्ट शंभर. मी ओळी मोजल्या. अठरा.

“भुरी किती दिवस उपाशी होती?” मामाने विचारलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलं. ‘ते’, ‘उंदीर’, ‘तुझं जनावर’, एवढंच म्हणायचा.

“एकोणीस,” मी म्हटलं.

“मग एक राहिला. उद्या संध्याकाळी ये. तेव्हा बघू दाढेचं.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! म्हणजे सूड मी घ्यायचा, आणि माप यानेच ठरवायचं? दिवस यानेच मोजायचे, वही यानेच लिहायची, रेघा यानेच मारायच्या? माझं म्हणून काही राहू द्यायचंच नाही का या माणसाने?

“काढा ती कवळी.”

“उद्या.”

“काढा म्हणते ना!”

त्याने तोंड घट्ट मिटलं. ओठ आत ओढून घेतले आणि लेथकडे बघत बसला. भुरीला शेवटच्या दिवशी सिरिंजने भरवायला गेले तेव्हा तिने असंच तोंड मिटलं होतं. न उघडणारं तोंड कसं उघडायचं ते मला येतं. एक हात मानेमागे, दुसऱ्या हाताचा अंगठा गालाच्या कोपऱ्यातून आत, दाढांच्या मागे. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. ढब्बूला रोज असंच तपासते. मी मामाची मान धरली. गाल किती आत गेला होता! हाताला नुसतं हाड लागलं. अंगठा आत घातला, आणि त्याचं तोंड उघडलं. खालची कवळी माझ्या हातात आली. तिच्याखाली हिरडी उजवीकडे लालभडक सोललेली होती.

हे मी केलं होतं. रेघा न मारता केलं होतं, एवढाच फरक.

रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही हेही ठरलेलं होतं. त्याच्याच टेबलावर बसले. त्याची सगळ्यात बारीक कानस काढली. दाढेवरचा थर उतरवायला लागले. पंधरा-वीस हात मारले असतील, मागून बोळक्या आवाजात सूचना आली, “कडेने अजून एक हात घे. धार राहील.”

“तुम्ही गप्प बसा.”

“बसलो.”

“आणि मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या. चार दिवस. नियम लिहून देऊ? की लिहून दिले तर नुसते भिंतीवर लावाल?”

तो माझ्या हातातल्या कानशीकडे बघत म्हणाला, “मी आकडे बघत होतो गं. तिच्याकडे बघतच नव्हतो.” आणि मग, “ढब्बू कसा आहे?”

“तुमच्या केरसुणीवर जगला,” मी म्हटलं.

निळा कागद नव्हता. लेथच्या बिलांमधला कार्बन काढला, कवळी बसवली, चाववून बघितलं. सगळीकडे सारखे ठिपके. मामाने सफरचंदाची नवी फोड घेतली आणि चावली. खोलीभर कर्रकन आवाज झाला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. अख्खं सफरचंद माझ्यासमोर संपवलं, बियांपर्यंत. मी नुसती बघत बसले. रुमालाने तोंड पुसून म्हणाला, “एक दिवस राहिला पण.”

“राहू दे,” मी वही उचलून पिशवीत टाकली. “तो मी सोडलेला नाही, ठेवलाय. पुन्हा कधी तिला उंदीर म्हणालात तर लक्षात ठेवा, तुमचा जबडा माझ्या कपाटात आहे. प्लास्टरचा.”

मामा हसला. सगळे दात दिसले. तो वाकडासुद्धा. मला अजूनही त्याचा राग येत होता, अजूनही येतो. भुरी काही परत आली नाही.

घरी आले. ढब्बूला गवत घातलं, संगमरवराचा तुकडा पुसून ठेवला, मातीचं भांडं भरलं. त्याला काट्यावर ठेवला आणि या वेळी आकडा वाचला, पाचशे शहाऐंशी. लिहिला.

सकाळी सात वाजता मामाला फोन लावला.

“वजन केलंत?”

“केलं.”

“लिहिलंत?”

“लिहिलं. वही तू नेलीस, म्हणून भिंतीवर लिहिलंय.”

मी फोन ठेवणारच होते. सवयीने हात खालीसुद्धा गेला होता. मग परत कानाला लावला.

“किती?” मी विचारलं.